खिडकी कुणी शिवली?

१

बुधवारी सकाळी किनाऱ्यावर सतरा कासवं मरून पडलेली सापडली.

निरीक्षक बाईंनी ती दोनदा मोजली. एकदा स्वतःसाठी, आणि एकदा फोनवरच्या साहेबांसाठी. "सतरा? नीट बघा बाई, सात असतील," साहेब म्हणाले.

"साहेब, सतरापर्यंत मला मोजता येतं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

त्या आधीच वैतागल्या होत्या. खात्याची जीप गॅरेजमध्ये होती, म्हणजे तिच्या नेहमीच्या जागी होती. बंदरापासून दोन मैल वाळू तुडवत त्या इथवर आल्या होत्या. मत्स्य खात्यात अठरा वर्षं काढलेल्या बाईंना मेलेलं कासव नवीन नव्हतं. पण सतरा म्हणजे फार झालं. सगळ्यात मोठ्याची पाठ जेवणाच्या टेबलाएवढी होती. त्याचे डोळे उघडे होते आणि पापण्यांना वाळू चिकटली होती.

खात्याचे पशुवैद्यक डॉक्टर तिथेच वाळूत बसून एक कासव उघडून बघत होते. हात धुवत ते उठले.

"फुफ्फुसात पाणी आहे. गळाची जखम नाही, बोटीच्या पंख्याचा घाव नाही. बुडून मेलीयेत. रविवारी, फार तर सोमवारी पहाटे."

बघ्यांपैकी कुणीतरी हसलं. "कासव बुडतं होय?"

"त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "जाळ्यात तासभर खाली दाबून ठेवलंत तर तुमच्यासारखंच बुडतं. बाई, ट्रॉलरच्या जाळ्याला खिडकी असते ना?"

असते. नसली तर बोटीचा परवाना जातो. प्रत्येक जाळ्यात एक लोखंडी चौकट बसवलेली असते आणि तिला चार-चार बोटांच्या अंतरावर उभे गज असतात. कोळंबी आणि लहान मासळी गजांमधून मागच्या पिशवीत जाते. मोठं जनावर गजांवर आपटतं, त्यांच्यावरून वर सरकतं आणि जाळ्याला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतं. त्या भोकाला बंदरावर सगळे खिडकी म्हणायचे. बोट परत आली की खिडकी उघडी आहे ना, हे बघून सही करायचं काम बाईंचं होतं.

"रविवारी समुद्रात तीनच बोटी होत्या," बाई म्हणाल्या. "बर्फाचा कारखाना बंद पडलाय, बाकी सगळ्या धक्क्याला बांधलेल्या आहेत. आणि त्या तिन्ही खिडक्या मी स्वतः तपासल्यात. तिन्ही उघड्या होत्या. माझी सही आहे."

डॉक्टरांनी हत्यारं पिशवीत भरली. "मग तुमच्या सहीखालून सतरा कासवं गेली, बाई."

२

साहेबांच्या खोलीतला पंखा फिरत होता, पण वारा फक्त साहेबांना लागत होता.

"वरून आदेश आलाय," ते म्हणाले. "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दोषी बोट सांगा. नाही सांगितली तर हंगाम संपेपर्यंत साठच्या साठ बोटी बंद."

"साठ? साहेब, सत्तावन्न बोटी तर धक्क्यावरून हललेल्याही नव्हत्या! हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"फाशी मी देत नाही, मी फक्त आदेश पुढे पाठवतो." साहेबांनी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यावर तीन बोटींची माहिती होती. हिरवी, निळी आणि पांढरी. "यातली हिरवी तुमच्या भावाची ना?"

"सख्ख्या. म्हणूनच म्हणते, चौकशी दुसऱ्या कुणाकडे द्या."

"देतो की. कोण आहे दुसरं?"

बाईंनी बाहेर पाहिलं. शेजारच्या दोन खुर्च्या दोन वर्षांपासून रिकाम्या होत्या. एकीवर फायली बसल्या होत्या आणि दुसरीवर मांजर.

"भावाला वाचवलंत तर लोक बोलतील," साहेब म्हणाले. "आणि अडकवलंत तर घरचे बोलतील. तेव्हा पांढऱ्या बोटीपासून सुरुवात करा."

"का?"

"तिचा तांडेल फार माजलाय."

बाईंना त्या माणसाचा राग यावा की साहेबांचा, हे ठरवता येईना. त्या उठल्या. हातात दोन दिवस होते, तीन बोटी होत्या आणि तिन्हींवर त्यांचीच सही होती.

३

पांढऱ्या बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाला, सगळं बंदर जावई म्हणायचं, कारण तो बोट संघाच्या अध्यक्षांचा जावई होता आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. बाई बोटीवर चढल्या तेव्हा तो खुर्ची टाकून चहा पीत होता. त्याने उठायचे कष्ट घेतले नाहीत.

"या बाई. सासरेबुवांशी बोललात का?"

"कासवांशी बोलायचं होतं, पण ती बोलत नाहीत. जाळं दाखव."

"कालच तर पाहिलंत."

"आज परत बघते."

जाळं डेकवर पसरलेलं होतं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि खिडकीवरचा जाळीचा पडदा त्यांनी उचलला. मासळी सहज निसटू नये आणि जनावराला मात्र ढकलता यावं म्हणून खिडकीवर असा सैल पडदा असतो. त्याच्या कडेवरून हात फिरवताना त्यांच्या बोटात काहीतरी खचकन घुसलं. रक्त आलं. तार होती. पडद्याच्या कडेला बारीक लोखंडी तार ओवलेली होती.

काल घाईत हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

"ही तार कशाला?"

"पडदा फडफडतो म्हणून."

"की खिडकी बंद करायला? समुद्रात गेलं की तार आवळायची, धक्का दिसला की सैल करायची. तेच ना?"

जावयाचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. तो उभा राहिला. "बाई, तोंड सांभाळून बोला. मी माजोरडा असेन, पण माझी बोट स्वच्छ आहे."

"दुसऱ्या दिवशी सगळेच स्वच्छ असतात."

त्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा बोट रुमालात गुंडाळलेलं होतं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटत होतं. गुन्हेगार सापडला होता, आणि तो त्यांचा दादा नव्हता.

४

तो आनंद अर्धा तास टिकला.

निळ्या बोटीचा तांडेल चष्मेवाला. चष्मा लावणारा तांडेल बंदरावर तो एकटाच. माणूस शांत, शब्द मोजून वापरणारा. बाईंनी त्याला तारेबद्दल सांगितलं तेव्हा त्याने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"तारेची दोन्ही टोकं कुठे बांधलीयेत, बघितलंत?"

"पडद्याला."

"चौकटीला नाही ना? मग खिडकी बंद कशी होणार? शर्टाच्या बाहीला कितीही गाठी मारा, शर्ट काही दाराला अडकत नाही. वजनासाठी घातलीये ती. माझ्यातही आहे, बघा. माझी नीट दुमडलीये, म्हणून तुम्हाला टोचली नाही."

बाई बघत राहिल्या. त्याचं म्हणणं खरं होतं. त्यांना स्वतःचाच संताप आला.

"मग सतरा कासवं मेली कशी?"

"ते मला कसं कळणार? माझं जाळं वर आलं तेव्हा त्यात कासवही नव्हतं आणि मासळीही नव्हती. दोन टोपल्या कोळंबी, बाकी जेलीफिशचा चिखल. मंगळवारी निवडणाऱ्या बायकांनी दहा मिनिटांत निवडून संपवलं, वर मलाच विचारलं, एवढंच? जावयाच्या पाच टोपल्या झाल्या." त्याने चौकटीवर पाय ठेवला. "खात्याने दिलेली ही चौकट मोठ्या बोटींसाठीची आहे. नाकापेक्षा मोती जड. आमच्या जाळ्यात ती उभी राहतच नाही, मागे आडवी पडते. मग कोळंबीही गजांवरून घसरत जाते आणि खिडकीतून बाहेर. ही खिडकी उघडी ठेवून मासेमारी करायची म्हणजे फाटक्या खिशात चिल्लर ठेवण्यासारखं आहे. तुम्हाला हे माहीत नाही का?"

बाईंना माहीत होतं. तशी पत्रं येत असत. त्या ती नोंदवून वर पाठवत, आणि वरून 'नमुन्याप्रमाणेच वापरावे' एवढाच शेरा घेऊन ती परत येत.

"हिरवीला मात्र पावलं," चष्मेवाला सहज म्हणाला. "सोमवारी बावीस टोपल्या उतरवल्या म्हणे. नशीब असतं एकेकाचं."

सोमवारी दुपारी दादाच्या बोटीवरून उतरणाऱ्या टोपल्या बाईंनीही पाहिल्या होत्या, आणि बहिणीच्या मनाने त्यांना बरं वाटलं होतं. वहिनीच्या डोळ्यांचं ऑपरेशन तटलं होतं, ते आता होईल, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं. आताही तेच आलं. त्यापुढचा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही.

५

दादा घराच्या अंगणात इंजिनाचा भाग तेलाने पुसत होता. बाईंना पाहून तो म्हणाला, "बहीण आलीये की सरकार?"

"दोघी आल्यात."

"मग बहिणीने आत जाऊन वहिनीकडे चहा घ्यावा. सरकारने इथेच उभं राहावं."

बाई उभ्या राहिल्या. "रविवारी कुठे होतास?"

"समुद्रात."

"कुठल्या बाजूला?"

"पाणी होतं त्या बाजूला."

"दादा, मला नीट उत्तर दे."

"तुला नीट उत्तर पाहिजे?" त्याने फडकं आपटलं. "सोमवारी तूच जाळं बघितलंस ना? उघडी होती ना खिडकी? सही केलीस ना? मग आता परत कशाला विचारतेस? धाकटे, तुझ्या सहीवर तुझाच विश्वास नाही?"

असा तासभर गेला. माणूस ताकास तूर लागू देईना. शेवटी बाई चहा न घेताच निघाल्या, आणि दारातल्या वहिनीच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी दिसलं, ते त्यांना खटकलं.

धक्क्यावर मावशी दिसल्या. बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांतल्या या सगळ्यात जुन्या, आणि बाईंच्या आईच्या सख्ख्या बहीण. आई गेल्यावर दोन्ही भावंडांना त्यांनीच वाढवलं होतं. त्या रिकाम्या टोपल्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. बोटं वांग्यासारखी सुजली होती.

"हे काय झालं?"

"काटा लागला गं. काल पांढऱ्या बोटीचा ढीग निवडत होते."

"एवढी सूज?"

"वय झालं. आता काटासुद्धा बघून लागतो." मावशी हसल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "पोरी, ते कासवांचं प्रकरण सोड. मेली ती मेली. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मी पाण्यात राहत नाही मावशी, मी कार्यालयात राहते. तिथे तर माशाशीही बोलायची सोय नाही."

गुरुवारी सकाळपर्यंत बाईंकडे तीन तांडेलांचे तीन जबाब होते आणि तिघेही एकच सांगत होते: खिडकी उघडी होती. अठ्ठावीस तास उरले होते. आणि रुमालातलं बोट ठणकू लागलं होतं.

६

बंदराच्या दवाखान्यात एकच खोली, एकच खाट आणि एकच नर्स होती. तिने बाईंच्या बोटावरचा रुमाल सोडला आणि कपाळाला हात लावला.

"लोखंडाची तार आणि तुम्ही काल नुसता रुमाल गुंडाळून फिरलात? या धक्क्यावरच्या सगळ्या बायका सारख्याच. मावशींनी तर आल्या आल्या मला सांगितलं, काटा काढ आणि लवकर सोड, ढीग उन्हात पडलाय."

"कसला काटा होता एवढा?"

नर्सने इंजेक्शन भरता भरता मान कपाटाकडे केली. "तिथे बाटलीत ठेवलाय. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचाय. मी असा कधी पाहिला नव्हता."

बाईंनी बाटली उचलली. आतला काटा वीतभर लांब होता. चपटा, आणि दोन्ही कडांना करवतीसारखे उलटे दात.

त्या पाहतच राहिल्या. तो पाकट या चपट्या, रुंद माशाच्या शेपटीचा काटा होता. पाकटं जाळ्यात येतात, पण बशीएवढी, फार तर ताटाएवढी. त्यांचा काटा करंगळीएवढा असतो. वीतभर काट्याचं पाकट दरवाजाएवढं रुंद असतं. आणि दरवाजाएवढं पाकट चार बोटांच्या फटीतून मागे जाऊच शकत नाही. ते गजांवर आपटणार, वर सरकणार आणि खिडकीतून बाहेर पडणार. त्याच्यासाठीच तर खिडकी आहे. त्याच्यासाठी आणि कासवांसाठी.

ते पाकट जाळ्यासोबत वर आलं, याचा अर्थ एकच होता. खिडकी बंद होती.

"पांढरी बोट," बाई पुटपुटल्या. तार बघून आपण चुकलो नव्हतो तर! जावयाने काहीतरी दुसरी युक्ती केली असणार. "मावशी मंगळवारी आल्या होत्या ना? सकाळी?"

"मंगळवारी? छे." नर्सने वही उघडून पानावर बोट ठेवलं. "सोमवारी. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

बाईंनी बाटली खाली ठेवली. पांढरी आणि निळी मंगळवारी सकाळी सहाला धक्क्याला लागल्या होत्या. सोमवारी चार वाजता बंदरावर एकाच बोटीची मासळी निवडायला पडलेली होती.

७

या वेळी बाईंनी कुणाला उभ्याने विचारलं नाही. दादाच्या घरात त्या जमिनीवर बसल्या. समोर दादा, भिंतीला टेकून मावशी, आणि स्वयंपाकघराच्या दारात वहिनी.

"मी सांगते, तुम्ही ऐका," बाई म्हणाल्या. "चुकले तर सांगा. मावशी, तुम्ही मंगळवारी पांढऱ्या बोटीचा ढीग निवडत नव्हता. हात तुम्ही सोमवारीच दाखवलात. तेव्हा फक्त हिरवी बोट आलेली होती."

मावशींनी पट्टीतला हात पदराखाली घेतला.

"काटा वीतभर आहे. एवढं पाकट खिडकी उघडी असती तर जाळ्यात राहिलंच नसतं. दुसरी गोष्ट. तिन्ही बोटींना चौकट सारखीच. तिन्ही एकाच पाण्यात होत्या. निळीच्या दोन टोपल्या झाल्या, पांढरीच्या पाच, आणि हिरवीच्या बावीस. सगळ्यांच्या खिशाला भोक आणि एकाचाच खिसा भरलेला, म्हणजे त्याने भोक शिवलंय. दादा, बंदरातून निघालास की दोऱ्याने पडदा चौकटीला शिवायचास. परत येताना दोरा कापून समुद्रात टाकायचास. धक्क्यावर मला उघडी खिडकी दिसायची. मला कळायला हवं होतं. बावीस टोपल्या मी डोळ्यांनी पाहिल्या. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर तिथेच विचारलं असतं."

दादाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"पाकट मी टाकून द्या म्हटलं होतं," तो म्हणाला. "खलाशांनी मांसासाठी कोळंबीखाली दडवलं. मावशीने हात घातला आणि..."

"ते मीच रात्र व्हायच्या आत समुद्रात ढकललं," मावशी म्हणाल्या. "खोटंही मीच बोलले. पोरी, मला तुझ्यापेक्षा तो जास्त लाडका नाही. पण तू नोकरीवाली, तुझं काही अडत नाही. त्याचं अडतं."

"आणि जावयाचं नाव घेताना?"

"त्याचा सासरा अध्यक्ष आहे. त्याला कोण हात लावतंय, असं वाटलं."

"कासवं किती वर आली, दादा?"

"जाळ्याच्या दोन ओढींत एकोणीस," तो म्हणाला. "या महिन्यात ती इथे नसतात गं. मी तीस वर्षं बघतोय. पहिल्या ओढीत पाच, दुसरीत चौदा. दोन हलत होती. त्यांना सावलीत ठेवलं, मागची बाजू उंच केली, पाणी मारलं. तासाभराने चालायला लागली, तेव्हा सोडली. बाकीची हलतच नव्हती. मेली म्हणून टाकली."

डॉक्टरांनी किनाऱ्यावरच सांगितलेलं बाईंना आठवलं. बुडालेलं कासव कधीकधी तासन्‌तास मेल्यासारखं पडून असतं. धीर धरून ठेवलं तर जगतं. पाण्यात टाकलं तर मात्र उरलेलं काम पाणी करतं. हे दादाला सांगावं की नाही, ते त्यांना कळेना. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"त्यातली काही जिवंत होती?"

"असतील," बाई म्हणाल्या.

दादाने तोंड फिरवलं. दारातून वहिनीचा आवाज आला, आणि तो आवाज बाईंनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"ताई, त्यांनी तीन पत्रं लिहिली होती तुमच्या खात्याला. चौकट मोठी आहे, आडवी पडते, बदलून द्या म्हणून. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, विचारते. काय झालं त्या पत्रांचं?"

सगळ्या चौकशीत एवढा सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता.

८

शुक्रवारी साडेअकराला बाईंनी अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी पहिलं पान वाचलं आणि मान हलवली.

"भावाचं नाव? शाबास. अवघड असतं हे." मग त्यांनी दुसरं पान उलटलं. "हे काय आहे?"

"चौकटीबद्दल आलेली पत्रं. तीन हिरव्या बोटीची, चार इतरांची. आलेली तारीख, वर पाठवलेली तारीख, परत आलेला शेरा. आणि सोमवारच्या तपासणीत मी हलगर्जीपणा केला, तेही लिहिलंय."

"पहिलं पान पुरेसं आहे. दुसरं काढा."

"का?"

"बाई, आपल्याला बोट विचारलीये. चौकट कुणी विचारलेली नाही."

"साहेब, शिवणारा हात माझ्या भावाचा. तो मी दिलाय. पण एवढी माणसं एकाच खिडकीवर वैतागलीत, त्यांतल्या एकाने ती शिवली. उद्या दुसरा शिवेल. परत सतरा येतील, आणि तुम्ही परत मला विचाराल, सात तर नाहीत ना?"

"आवाज खाली करा."

"दुसरं पान काढलंत तर पहिल्यावरची सहीही काढा. एका सहीने दोन पानं जातील, नाहीतर एकही जाणार नाही." घड्याळात अकरा पन्नास झाले होते. बारानंतर साठ बोटी बंद होणार होत्या, आणि तेव्हा बोट संघाचे अध्यक्ष पहिला फोन कुणाला करणार, हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दोन्ही पानांवर शिक्का मारला, इतक्या जोरात की टेबलावरचा चहा हिंदकळला.

आदेश आठवड्याने आला. एकोणसाठ बोटी मोकळ्या. हिरवी बोट हंगामभर बंद, तांडेलाचा परवाना वर्षभर रद्द. निरीक्षकांना ताकीद. चौकटीच्या प्रश्नावर 'स्वतंत्रपणे विचार करण्यात येईल.' बाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा त्यांना रडू आलं.

वहिनीचं ऑपरेशन पुढे गेलं. बाईंनी पैसे पाठवले, ते त्याच पाकिटातून परत आले. मावशी दिसल्या की वाट बदलत. जावयाने मात्र भर धक्क्यावर उठून बाईंना बसायला खुर्ची दिली, आणि ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

सहा आठवड्यांनी चष्मेवाला कार्यालयात आला. "बाई, उद्या सकाळी माझ्या बोटीवर याल का? एक दाखवायचंय."

दाखवायची होती ती एक नवी चौकट. जुनीपेक्षा लहान, आणि मागच्या बाजूला दोन टेकू जोडलेले, म्हणजे ती आडवी पडणार नाही. नमुन्यात न बसणारी, म्हणजे नियमाने बेकायदा. ती कापून जोडणारा माणूस साधा खलाशी म्हणून त्याच बोटीवर कामाला होता. बाई चढल्या तेव्हा दादाने वर पाहिलं नाही. तो दोर मोकळा करत राहिला.

जाळं पाण्यात गेलं. बाईंना बोट लागली. बोटी तपासण्यात अठरा वर्षं गेली होती, पण त्या सगळ्या बांधलेल्या बोटी होत्या. त्या कठडा धरून बसल्या. दीड तासाने यंत्र घरघरलं आणि पिशवी डेकवर रिकामी झाली. कोळंबी होती, बोटाएवढी मासळी होती, थोडा कचरा. चष्मेवाल्याने नजरेनेच मोजलं. "नऊ टोपल्या होतील. खिडकी उघडी ठेवून नऊ."

तेवढ्यात मागे, पन्नास-साठ हातांवर, पाण्यातून एक डोकं वर आलं. म्हाताऱ्या माणसासारखं टक्कल पडलेलं, सुरकुतलेलं. त्याने एक मोठा श्वास घेतला, तो बोटीपर्यंत ऐकू आला, आणि ते परत खाली गेलं.

बाई धडपडत उठल्या. "आपल्या जाळ्यातून निघालं का ते?"

दादा शेजारी येऊन उभा राहिला होता. तो पाण्याकडे बघत होता.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "निघालं असेल. नाहीतर नुसतंच इथून चाललं असेल."

"मग मी अहवालात काय लिहू? चौकट बेकायदा आहे. कासव कुठून आलं ते माहीत नाही. साहेब विचारतील, पुरावा काय?"

सहा आठवड्यांत दादा बाईंशी बोलला नव्हता. आता त्याने डेकवरची कोळंबी पायाने बाजूला सारली, त्यांना बसायला जागा केली आणि तोंड धुवायला पाण्याची बाटली पुढे केली.

"जे दिसलं ते लिही, धाकटे," तो म्हणाला. "दुसरं तुला येतंय कुठे?"